दाखवायची चूल

आमच्या घरात दोन चुली झाल्या त्या भांडणाने झाल्या नाहीत, हे मी अगोदरच सांगून टाकते. गावात आजही कोणालाही विचारा, तो म्हणेल, जावाजावांचं पटलं नाही म्हणून भाऊ वेगळे निघाले. बायकांच्या माथ्यावर खापर फोडलं की गावाला झोप चांगली लागते. माझी आई आणि माझी मोठाई, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, एवढी वर्षं एका घरात राहिल्या आणि त्यांचं तोंड वाजलेलं मी एकदाही ऐकलं नाही. दुसरी चूल आली ती सरकारी घरासाठी. ज्या दिवशी ती मांडली त्या दिवशी घरातले सगळे हसत होते, आणि सगळ्यात जास्त मोठाईच हसत होती. आता माझे केस पिकले, तरी ते हसणं आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

आमचं गाव फुलसावंगीच्या बाजूला. घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, पुढे छपरी आणि मागे गोठा. शेत दोघा भावांचं मिळून एकच होतं. कापूस, त्यात तुरीच्या ओळी आणि खालच्या तुकड्यात सोयाबीन. सातबाऱ्यावर मोठेबाबांचं आणि बाबांचं नाव एकाखाली एक. आईचे हात शेतात चालायचे आणि मोठाईचे चुलीपुढे, अशी वाटणी कोणी न सांगता झालेली. मला जाग यायची ती भाकर थापायच्या आवाजाने. आधी फुंकणीची एक लांब फुंकर, मग लाकूड तडकल्याचा आवाज, मग परातीवर थापट्या आणि त्यांच्या मागोमाग काचेच्या बांगड्यांची किणकिण. चुलीच्या बाजूच्या वैलावर तुरीचं वरण आपलं आपलं रटरटत पडलेलं असायचं. थंडीच्या दिवसांत ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, अंबाडीची भाजी असली तर तिच्यावर लसणाची फोडणी, आणि बाजारच्या दिवशी पातोडीचा झणझणीत रस्सा. मोठाई सगळ्यांना स्वतः वाढायची. कोणाला आज भूक आहे आणि कोण नुसतं ताटाशी बसलंय, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. आम्ही सगळे एका ओळीत बसायचो, आणि ती ओळ मोडेल असं आमच्या कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मोठाईला मूलबाळ नव्हतं. घरात ते कोणी बोलत नसे. माझ्या पाठीवर गजू झाला, आई बाळंतपणातून उठून पुन्हा शेताला लागली आणि मी आपोआप मोठाईच्या पदराला लागले. तिनेच मला न्हाऊ घातलं, तिनेच शाळेची वेणी घातली, तिच्याच कुशीत मी झोपले. ती मला 'माय' म्हणायची. आमच्याकडे लाडाने पोरीला असं म्हणतातच, पण ती म्हणायची तेव्हा शेजारच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. आईला याचं वाईट वाटायचं का? मला वाटतं, वाटत असणार. पण दिवसभर कापसाच्या ओळीत वाकून आलेल्या बाईला वाईट वाटून घ्यायलाही उसंत लागते.

तर गावात घरांची योजना आली. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून लोकांची कामं करून देणारा एक राजाभाऊ होता. कामं कसली, याची टोपी त्याला आणि त्याची याला. तो एका संध्याकाळी आमच्या छपरीत येऊन बसला, मोठाईच्या हातचा चहा प्याला आणि मोठेबाबांना म्हणाला, "दोघं भाऊ एका घरात राह्यले तं एकच घर भेटते दादा. वेगळे दाखवा, दोन भेटते."

"पन आमी वेगळे नाई ना," मोठेबाबा म्हणाले. मोठेबाबा कमी बोलायचे, आणि बोलायचे ते बहुतेक खरं असायचं, म्हणून त्यांचं कोणी फारसं ऐकायचं नाही.

"कागदावर व्हा ना जी. कागदावर व्हायले काय पैसे पडते? सायब काही खोदून नाई पाहात. सायब चूल पाह्यते. एक चूल म्हनजे एक कुटुंब. दोन चुली म्हनजे दोन कुटुंबं."

बाबांचे डोळे चमकले. बाबा स्वभावाने वाईट नव्हते, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीपुढे त्यांचा तोल जायचा. "दादा, आपून का खरंच निघून राह्यलो?" ते म्हणाले. "दोन पक्की घरं भेटते. पावसात कवेलू फेरता फेरता जिंदगी गेली आपली." मोठेबाबांनी मान हलवली. ती होकाराची होती की थकव्याची, हे त्यांनाच ठाऊक.

मग राजाभाऊने खरी मेख सांगितली. मोठेबाबा आणि मोठाई असं दोनच माणसांचं कुटुंब दाखवलं तर ते यादीत मागे पडेल. "एखादं लेकरू टाका तिकडे. पोट्टी टाका. पोट्टं राहू द्या इकडे, उद्या वारसाची भानगड नको." हे सगळं माझ्यासमोर चाललं होतं. मी खांबाला टेकून उभी होते. गोठ्यातलं वासरू कोणत्या दावणीला बांधायचं, हे ठरवायलाही आमच्या घरात यापेक्षा जास्त वेळ लागायचा. मला कोणी विचारलं नाही, आईलाही कोणी विचारलं नाही. पोट्टी टाका म्हणे!

पण मोठाई आतून हात पुसत बाहेर आली. "म्हनजे वनी माह्या नावावर?" तिने माझ्याकडे बघत विचारलं.

"हो वयनी. कार्डावर. तुमची लेक म्हनून," बाबा म्हणाले.

मोठाई आत गेली आणि गुळाचे खडे घेऊन आली. सगळ्यांच्या हातावर एकेक खडा ठेवला, अगदी राजाभाऊच्यासुद्धा. घरात मूल जन्मल्यावर वाटतात तसा. बाबा हसले, राजाभाऊ हसला, गजू दुसरा खडा मागायला लागला. आईने तिचा खडा हातात धरून ठेवला आणि थोड्या वेळाने उठून ती बैलांना पाणी पाजायला निघून गेली.

दुसरी चूल मोठाईनेच घातली. तिच्यासारखी चूल गावात कोणाला जमायची नाही. तळ्याकाठची चिकण माती, त्यात भुसा आणि शेण, मळून मळून लोण्यासारखी केलेली. छपरीच्या कोपऱ्यात तिने चूल उभी केली, पोतेरं फिरवलं, हळदीकुंकू वाहिलं आणि दूध उतू घालायला भांडं मागितलं. बाबा म्हणाले, "वयनी, दाखवाची चूल हाय थे. येवढं कायले करता?"

"चुलीले का समजते, दाखवाची का खायाची?" मोठाई म्हणाली. "मांडली चूल उपाशी ठेवू नाई. घरात चूल थंडी राह्यली का घरावर भूक येते."

हा तिच्या माहेरचा नेम. तिच्या आईने तिला सांगितलेला, तिच्या आईला तिच्या आईने. त्यामुळे साहेब येऊन गेल्यावर जी चूल फोडून टाकायची होती, ती फोडायला मोठाईने कोणाला हात लावू दिला नाही. चूल फोडणं म्हणजे अन्नाला लाथ मारणं. आणि फोडायची नाही म्हणजे रोज पेटवायची. शहाणी, जगाचं भलं चिंतणारी माझी मोठाई! अन्नाचा मान राखता राखता तिने आपल्याच घराची दुफळी रोज सकाळी काडी ओढून पेटवली, आणि कोणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

साहेब आला तो मोटारसायकलवरून, डोळ्याला काळा चष्मा. छपरीतली चूल पाहिली, आतली पाहिली. भिंतीला काजळी आहे का ते पाहिलं. ती होती, कारण मोठाईने आठवडाभर तिथे ओली लाकडं जाळली होती. मग चष्मा काढून त्याने मला जवळ बोलावलं. "बाळ, तू कोणत्या चुलीवर जेवते?"

"मोठाईच्या," मी म्हणाले. हे शिकवावं लागलंच नाही, ते खरंच होतं. सगळेच मोठाईच्या चुलीवर जेवायचे. पण त्याने तेवढंच विचारलं, तेवढंच लिहिलं, आणि बाबा गजूच्या डोक्यावर हात ठेवून बाजूला उभे राहिले. त्या माणसाचा मला तेव्हा राग आला नाही. आज येतो. भरल्या घरात येऊन जेवणाऱ्या लेकराला, तू कोणाच्या चुलीवर जेवतेस, असं विचारणारी ही कसली रीत? माणसं एकत्र राहतात म्हणून त्यांना एक घर, आणि फुटली की दोन! एकीचं बळ असतं असं शाळेच्या भिंतीवर लिहायचं आणि कचेरीत फुटीला बक्षीस द्यायचं. हा न्याय ज्याने कागदावर उतरवला, त्याला मी एकदा मोठाईच्या ओळीत जेवायला बसवलं असतं, म्हणजे आपण काय मोडायला सांगतोय ते त्याला कळलं असतं.

घरं मिळाली. अंगणाच्या दोन टोकांना दोन, विटांची, स्लॅबची, समोरासमोर. जुन्या घराचा गोठा झाला. आतली चूल मोठाईच्या नव्या घरात गेली आणि छपरीतली आईच्या. म्हणजे मोठाईने नवीन घातली तिकडे आणि इकडेही, दोन्ही तिनेच. सुरुवातीला आम्ही तिच्याकडेच जेवत होतो. आमच्या चुलीवर नेमाप्रमाणे फक्त सकाळचा चहा व्हायचा. मग गजूच्या शाळेचा डबा इकडेच व्हायला लागला, कारण तो सकाळी अंगण ओलांडायला कुरकुर करायचा. मग एक दिवस आईने वरण टाकलं.

इथे मी आईवर अन्याय करणार नाही. आई लग्न होऊन आली तेव्हापासून तिने कधी आपल्या मनाने फोडणी दिली नव्हती. तिखट किती, तेल किती, आज काय, सगळं मोठाई ठरवायची, प्रेमाने ठरवायची, पण ठरवायची. त्या दिवशी आईने वरणात चिंचेचा कोळ आणि गूळ घातला, जसा तिच्या माहेरी ढाणकीला घालतात, आणि खाली बसून आम्हाला विचारलं, "कसं झालं?" तिचा चेहरा असा उजळलेला मी आधी पाहिला नव्हता. वरण फार छान झालं होतं. मी दोन वाट्या खाल्ल्या, आणि अंगणापलीकडे मोठाई माझं ताट वाढून बसली होती.

साखर वेगळी झाली, तेल वेगळं झालं. मीठ वेगळं झालं तेव्हा मोठेबाबा म्हणाले, "आता झालं." दरवेळी काही नवीन यायचं, ते कार्डाप्रमाणे यायचं. रॉकेल, मग गॅस, मग अजून काही. आणि दरवेळी कोणीतरी तपासायला यायचं. राजाभाऊ आधी येऊन सांगून जायचा, "एका ओळीत जेवताना दिसू नका बाप्पा. चौकशी लागली तं दोनी घरं परत मांगतीन." मग आम्ही दिसेनासे झालो. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्ही पाहुण्यासारखे मोठाईकडे जायला लागलो, आवतन आल्यावर, हातपाय धुऊन, नवे कपडे घालून. आंबिलीची वाटी माझ्यापुढे ठेवताना मोठाई म्हणाली, "पोटभर जेव माय, लाजू नको." मला लाजू नको म्हणायची वेळ तिच्यावर आली होती!

परवा मी आता राहते त्या लोहाऱ्याच्या घरी एक मुलगी पाहणी करायला आली होती. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, उन्हाने लाल झालेली. मी तिला पाणी दिलं. तिने विचारलं, गेल्या काही वर्षांत तुमच्या कुटुंबाची आर्थिक स्थिती सुधारली, तशीच राहिली की खालावली? मग विचारलं, आणि तुमचं समाधान? तिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला तीन-तीन खाने होते. मी म्हटलं, बाई, कुठलं कुटुंब? तर ती म्हणाली, एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. बिचारीचा काही दोष नव्हता, पण मी अशी काही भडकले की ती दचकलीच. कारण तिच्या हिशेबाने आमची त्या काळात भरभराटच झाली होती. मातीच्या एका घराची दोन पक्की घरं झाली. कापसाला दोन वर्षं बरा भाव मिळाला, विहिरीवर मोटर आली, बाबांची मोटारसायकल आली, दोन्ही घरांत टीव्ही आले. संध्याकाळी दोन्हीकडे एकच मालिका लागायची आणि अंगणात उभं राहिलं की तेच वाक्य दोन्ही कानांत यायचं. यातलं काय सुधारलं म्हणून तिने कुठल्या खान्यात बोट लावायचं होतं?

मी बारावीत होते तेव्हा मोठेबाबा गेले. ताप आला, अंगावर काढला, यवतमाळला नेईपर्यंत उशीर झाला. सुतकाच्या दिवसांत दोन्ही घरं पुन्हा एक झाली होती. आई मोठाईकडेच झोपायची. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि राजाभाऊ येऊन बाबांना बाजूला घेऊन काहीतरी बोलून गेला. त्यानंतर बाबांनी अख्खं शेत वाहायला घेतलं. सातबारा कधी वेगळा झालाच नव्हता, नुसती चूल वेगळी झालेली. मोठाईच्या वाट्याचं बाबा काय देणार, असं कोणी विचारलं नाही, आणि मोठाई तोंड उघडून मागणाऱ्यांतली नव्हती. पहिल्या वर्षी बाबांनी तिच्याकडे थोडी ज्वारी आणि डाळ पाठवली. दुसऱ्या वर्षी आईने आठवण केली तर म्हणाले, "तिचं कार्ड वेगळं हाय. तिले गहू-तांदूळ भेटते." आई तिला जेवायला बोलावू म्हणाली तर म्हणाले, "कोनं पाह्यलं तं? दोन्ही घरं घालवतं का?" कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. ज्या भावाने आयुष्यभर यांना पोटभर जेवू घातलं, त्याच्या बायकोला जेवू न घालण्यासाठी यांच्याकडे सरकारी कारण होतं.

मोठाई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायला लागली. सगळं आयुष्य चुलीपुढे गेलेली बाई, तिची बोटं बोंडाच्या काट्यांना सरावलेली नव्हती. किलोवर मजुरी, आणि तिची पोटली तरण्या बायकांच्या अर्ध्यालाही पोचायची नाही. मी संध्याकाळी तिच्या बोटांना खोबरेल लावायची तेव्हा ती दुसरंच काहीतरी बोलायची, टीव्हीतल्या सुनेबद्दल. मी घरी येऊन बाबांशी भांडायची. बाबा म्हणायचे, "तुले काय समजते? शिकून राह्यली तं शिक."

मग मला कोणीतरी सांगितलं की एकट्या राहिलेल्या बाईला निराधारचा पगार मिळतो. महिन्याचा, थोडासा, पण बोटं सोलून घ्यावी लागणार नाहीत एवढा. मी मोठाईला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. खिडकीपाशी उन्हात उभं राहून राहून आमचा नंबर आला. आतल्या मॅडमनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "तुमच्या कार्डावर मुलगी आहे. सज्ञान, शिकलेली. मुलगी असताना तुम्ही निराधार कशा?"

मी पुढे झाले. "मॅडम, ती मुलगी मीच आहे. मी खरी त्यांच्या दिराची. नुसतं नाव चढवलेलं आहे."

मॅडम चिडल्या नाहीत. असली प्रकरणं त्यांनी ढीगभर पाहिली असावीत. म्हणाल्या, "मग सोपं आहे. काकूंनी एक अर्ज द्यायचा, ही माझी मुलगी नाही म्हणून. नाव कमी होईल, पगार सुरू होईल." आणि त्यांनी एक कोरा कागद आमच्याकडे सरकवला.

मला तर हायसं वाटलं. मी पेन काढलं, अर्ज लिहायला घेतला. मोठाईने माझ्या हातावर हात ठेवला.

"काय लिवून राह्यली?"

"मोठाई, आपल्याले एवढंच लिहून द्याचं हाय. मी तुही पोरगी नाही म्हनून. कागदावरच हाय. कागदावर म्हटलं तं काय होते?"

"थेच राजाभाऊ म्हने," ती म्हणाली, आणि खिडकीकडे वळली. मोठाई आयुष्यात कधी परक्या माणसासमोर मोठ्याने बोलली नव्हती. त्या दिवशी व्हरांड्यातली सगळी रांग वळून बघायला लागली.

"बाई, तवा आमी एका चुलीवर खात होतो. तुमच्या मानसानं म्हटलं दोन दाखवा, आमी दोन दाखवल्या. खोटं लिवलं, थे तुमाले चाललं. त्या खोट्यावर घर देल्लं तुमी, गॅस देल्ला. त्या साऱ्या कागदात एकच गोठ खरी हाये. हे पोरगी माही हाये. मी वाढवली तिले. अन् तुमी मले म्हनता, थेवढीच खोटी हाय म्हनून लिवून दे?"

"काकू, नियम आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

"मंग नियमच जेवा तुमी," मोठाई म्हणाली आणि माझ्या हातातला कागद घेऊन तिने तो नीट त्यांच्याकडे परत सरकवला. परतीच्या बसमध्ये ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मी रडत होते, रागाने. कोणाकोणाचा राग येत होता सांगू? त्या मॅडमचा, राजाभाऊचा, बाबांचा, आणि सगळ्यात जास्त मोठाईचा. पगार मिळाला असता, मी कुठे पळून जात होते? गाव जवळ आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सकाळी वेचायले लवकर जा लागते, दूरचं वावर हाय."

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या तुरीची मळणी झाली. थ्रेशर शेतातून थेट अंगणात आणलं होतं. भुशाचा धुरळा दोन्ही घरांच्या भिंतींवर बसला होता. तुरीचे कट्टे, म्हणजे ती अर्ध्या क्विंटलची पोती, आमच्या दारापुढे रचलेली होती आणि व्यापाऱ्याची गाडी दुपारी येणार होती. आई सुपाने मागे राहिलेली तूर पाखडत होती. मोठाई कामावरून लवकर परत आली होती. अंगात ताप होता तिच्या, आणि ती आपल्या दारात भिंतीला टेकून बसली होती. बाबा कट्ट्यांची तोंडं शिवत होते. मी जाऊन कट्ट्यांच्या ढिगापुढे उभी राहिले.

"बाबा, यातले अर्धे मोठाईकडे जातीन."

"काहून?"

"अर्धं शेत मोठेबाबाचं हाय."

बाबा हसले. सुईने दोरा ओढत म्हणाले, "अवं पोरी, घरचंच हाय ना सारं. आपून का वेगळे हाव?"

आयुष्यात मी पुष्कळ संतापले आहे, लोक मला त्याबद्दल नावं ठेवतात आणि ठेवोत. पण त्या वाक्यासारखा संताप मला पुन्हा कधी आला नाही. घास घालायची वेळ आली तेव्हा वेगळे, आणि तूर घरात घ्यायची वेळ आली तेव्हा एक!

"चूल वेगळी," मी म्हणाले. "कार्ड वेगळं. मीठ वेगळं. आजारी पडली तं पान्याचा गिलास वेगळा. मंग तूर काहून एक?"

"तू कोन बोलनारी?" बाबा उठून उभे राहिले. "पोट्टीच्या जातीनं वावराच्या गोठी कराव्या नाई. जा घरात."

"कोनच्या घरात? तुमीच टाकलं ना मले त्या घरात? पोट्टी टाका म्हटलं, टाकली. आता मी त्या घरची पोरगी हाव, अन् मी माह्या मायचा हिस्सा मांगून राह्यली."

बोलून गेले आणि मग मला सुपाचा आवाज थांबल्याचं कळलं. आई सूप हातात धरून उभी होती. ज्या बाईच्या पोटी मी जन्मले, तिच्यासमोर मी दुसरीला माय म्हटलं होतं, आणि एकटीदुकटीत नाही तर भर अंगणात, थ्रेशरवाल्यांच्या देखत. बाबांनी तेवढंच नेमकं उचललं. ते आईकडे वळले. "आयकलं? आयकलं का तुही पोरगी काय म्हन्ते थे?"

"आयकलं," आई म्हणाली.

तिने सूप खाली ठेवलं. पदर कमरेला खोचला. माझ्याकडे न बघता ती ढिगाजवळ आली, वरच्या कट्ट्याचं एक टोक तिने दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाली, "उचल, वने. एकटीनं उचलत नाई थे."

आम्ही दोघींनी तो कट्टा उचलला. अंगण फार मोठं नव्हतं, पण मधे दोनदा थांबावं लागलं. बाबा सुई हातात धरून बघत राहिले. त्यांनी हाक मारली असती तरी आई थांबणार नव्हती, हे तिच्या चालण्यातच दिसत होतं. मोठाई दारात उठून उभी राहायला बघत होती, तापाने तिचे डोळे लाल झाले होते, आणि ती सारखी "असू दे, असू दे वं," म्हणत होती. आईने कट्टा तिच्या पायाशी टेकवला. कंबर सरळ करून श्वास घेतला.

"बाई, तुमच्या पोरीनं आनलं," आई म्हणाली. "कुठी ठेवू सांगा."

मोठाईने आत हात दाखवला. कट्टा आत गेला, आणि आई पदराने मान पुसत दुसरा आणायला परत निघाली.